तुसीबाईंची भानगड

अहो, तुसीबाईंचं आलं का कानावर? नाही नाही, पंजाबातलं ‘तुसी’ नव्हे, आणि अंगणातल्या तुळशीशी तर काडीचा संबंध नाही, शिव शिव! या बाई कोलंबियाच्या. मेडेयीनच्या बड्या घरच्या पोरांनी पार्ट्यांतून त्यांना मिरवलं आणि बघता बघता स्वारी स्पेनला, थेट इबिझाला पोचली. पूड गुलाबी, वास म्हणे स्ट्रॉबेरीचा. आता ही नाकात ओढायची की फालुद्यात घालायची, सांगा!

तसं नाव खानदानी आहे हो. कॅलिफोर्नियात अलेक्झांडर शुल्गिन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. डाऊ कंपनीला त्यांनी एक कीटकनाशक शोधून दिलं, आणि पुढे घरच्याच प्रयोगशाळेत भलता संसार मांडला. नवं काही तयार झालं की आधी स्वतः चाखायचं, मग मित्रमंडळींना. (आपण लोणच्याचं करतो तसं.) पेयोटे निवडुंगात मेस्कलिन असतं, त्याच्या रेणूत फेरफार करून १९७४ साली त्यांनी ‘टू-सी-बी’ बनवलं. टू-सी म्हणजे कड्याला अमाईनशी जोडणारे दोन कार्बन, बी ब्रोमिनचा. १९९१ साली नवराबायकोनं पुस्तक काढून कृतीसुद्धा छापल्या! आता १९९४ साली दारात सरकारी धाड आली, तर नवल कसलं?

हे टू-सी-बी मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका ठरावीक ग्राहीला जाऊन चिकटतं. मग रंग भडकतात, भिंतीवरची नक्षी चालू लागते, चार-सहा तास हा सिनेमा. मात्रा जराशी वाढली की गंमत संपते आणि घाबरगुंडी सुरू. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, पोट ढवळतं. इतकं असून मधल्या काळात ते ‘इरॉक्स’ नावानं शयनगृहातल्या सुखासाठी विकलं जात होतं. अमेरिकेनं १९९५ साली बंदी घातली. स्पॅनिश जिभेवर त्याच नावाचं झालं ‘तुसीबी’, लाडानं तुसी.

आणि खरं लफडं पुढेच आहे. त्या गुलाबी पाकिटात टू-सी-बी बहुतेक वेळा नसतंच! स्पेनमध्ये ‘एनर्जी कंट्रोल’ नावाची संस्था असा माल तपासते. बहुतेक नमुन्यांत निघालं काय, तर केटामीन, एमडीएमए आणि कॅफीन. सोनूबाईच्या हातात निदान कथलाचा वाळा तरी होता; इथे सोनूबाईच घरी नाही.

बरं, जमवलेली मंडळी तरी एकमेकांना धार्जिणी? केटामीन भूल देणारं. शरीर एकीकडे, आपण दुसरीकडे. एमडीएमए सेरोटोनिनचा लोंढा सोडतं, नाडी पळवतं, अंग तापवतं. कॅफीन मागून ढोसणी देतं. एकाच वेळी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, वर पाकिटागणिक प्रमाण वेगळं. गेल्या शनिवारी सोसलं तेवढंच या शनिवारी आडवं करू शकतं. त्यात दारू असली तर शुद्ध हरपून उलटी घशात अडकायची भीती, म्हणजे जिवाशीच खेळ.

आणि एक सांगते, पण हळू आवाजात हं. केटामीन सतत घेणाऱ्यांच्या मूत्राशयाच्या अस्तराला जखमा होतात. पिशवी आकसते, लघवीतून रक्त जातं, दर थोड्या वेळानं धावावं लागतं, तेही विशीतिशीत! आमच्या आजोबांना ते दुखणं सत्तरीत आलं, तेही फुकटात. हे लोक सुरुवातीला कोकेनच्या कितीतरी पट भाव मोजत होते म्हणे, कारण काय, तर ही बड्या लोकांची वस्तू!

तो गुलाबी रंग तेवढा अस्सल बरं का. खायचा रंग, केकवर घालतात तोच.