दहावी कुणाची, पुळी कुणाला

भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या नाकाच्या शेंड्यावर पुळी उगवली. माझं वय ४७. पेपर मुलीचा होता.

ती त्या वेळी पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होती. प्रमेयं झाली का, असं विचारलं तर म्हणाली, "बाबा, तू शांत हो." तिचा चेहरा साबणाच्या जाहिरातीत शोभावा इतका नितळ. माझ्या नाकावर मात्र लालबुंद डोंगर आणि टोकाशी पांढरा ठिपका. हनुवटीवरच्या दोन टेकड्या जुन्या, तोंडी परीक्षेच्या सुमारास आलेल्या. हॉल तिकीट हातात पडलं त्या आठवड्यात त्याही टरारून फुगल्या होत्या.

डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये माणसाचं नाकच काय ते गर्दीच्या वर असतं. त्यामुळे डब्याला माझं तेवढंच दर्शन झालं. रोजच्या ग्रुपातल्या एकाने "या वयात?" असं विचारलं. त्यात कौतुक होतं की संशय, हे ठाणं येईपर्यंत कळलं नाही. दुसऱ्याचं निदान उष्णता, उपाय सब्जा. तिसरा फक्त "पोट?" एवढंच म्हणाला आणि सगळ्यांनी समजुतीने माना डोलावल्या.

संध्याकाळी आईने माळ्यावरून सहाण काढली, दुधात जायफळ उगाळलं आणि मला पाटावर बसवलं. "अरे, तारुण्यपीटिका आहे ही," ती टिळा लावावा तशी नाकावर लेप लावत म्हणाली. तारुण्य परत यायचंच होतं, तर त्याने निदान केसांपासून सुरुवात करायची. सुश्रुतसंहितेत या प्रकाराला मुखदूषिका म्हटलंय आणि त्याला शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्याची उपमा दिलीय. माझं नाक न बघता सुश्रुताने हे लिहिलं, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

जायफळाने नाक नुसतंच चुरचुरलं. मग त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"काही टेन्शन?"

"मुलीची दहावी."

"हं," म्हणत त्यांनी मान वर न करता लिहायला घेतलं. सीझन असावा त्यांचा. लिहितालिहिता त्यांनी समजावलं ते असं : ताण आला की मेंदूकडून हुकूम सुटतो आणि कॉर्टिसॉल वाढतं. गंमत म्हणजे तो हुकूम त्वचेतल्या तैलग्रंथींनाही थेट ऐकू येतो. तिथे छिद्र बुजलेलं असतं, आत जिवाणूंचा मुक्काम असतोच, त्यात दाह भडकतो. वर झोप अपुरी, आणि विचार करताना बोटं सारखी हनुवटीवर. "ती बोटं आधी आवरा," त्या म्हणाल्या. मी हात खाली घेतला.

झोप अपुरी म्हणाल्या म्हणून मी रात्री एक वाजेपर्यंत जागून या विषयावर वाचलं. २००३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २२ विद्यार्थ्यांचे चेहरे एरवी आणि परीक्षेच्या दिवसांत तपासले. ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांचे मुरूमही जास्त बिघडले. २००७ साली सिंगापूरच्या शाळकरी मुलांवरचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं ९४. तिथे चेहऱ्यावरचं तेलसुद्धा मोजलं. तेलात म्हणावा असा फरक नाही, पण ताणाबरोबर मुरूम चिघळलेले. म्हणजे तेलकट खाण्यावरून आईने मला जे ऐकवलं, ते वायाच गेलं. माझी तक्रार वेगळी आहे. दोन्हीकडे तपासली ती मुलंच. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी पाण्याची बाटली धरून तीन तास उन्हात उभे राहणारे आईबाप कुणी मोजलेच नाहीत!

बाईंनी बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम दिलं होतं. ते कपड्यांचा रंग खातं, हे वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलं होतं. मी ते चष्मा काढून लावत होतो. चौथ्या दिवशी नव्या मरून अभ्र्यावर तीन फिकट नारिंगी डाग उमटले, एक वर आणि दोन खाली. बायकोने अभ्रा उजेडात धरला. "छान आलाय," ती म्हणाली, "पासपोर्टला चालेल." फरक पडायला आठ-दहा आठवडे लागतील, असं बाईंनी बजावलं होतंच. एकूण माझा निकाल बोर्डाच्या निकालाच्या आसपास लागणार होता.

लागला. मेच्या मध्याला चेहरा बऱ्यापैकी साफ झाला. मग मामेबहिणीच्या लग्नाला दोन दिवस उरले असताना आतल्या खोलीतून किंकाळी आली. बोर्डाच्या एकाही पेपरला जिची झोप उडाली नाही, तिच्या हनुवटीवर मोहरीएवढी पुळी आली होती.

"हळदीचे फोटो आहेत, बाबा! रील आहे! संपलं सगळं!"

मी अनुभवी माणसाच्या गांभीर्याने मलम पुढे केलं. "फोडू नकोस. अगदी थोडं लाव. आणि उशीला जुना अभ्रा घाल. तू शांत हो."

"शांत काय हो म्हणतोस!"

एवढ्यात स्वयंपाकघरातून सहाणेवर जायफळ फिरल्याचा आवाज यायला लागला.