टीसी आलं का?

विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी चौदा वर्षं प्लॅनर होतो. ‘जॉब कधी देतोस?’ हे दिवसातून वीसदा ऐकलं. ‘टीसी आलं का?’ हे वरच्या कुणी आधी विचारल्याचं मला आठवत नाही. टीसी म्हणजे मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट. धातू कोणत्या हीटचा, म्हणजे कोणत्या वितळवणीच्या खेपेचा, त्यात काय किती मिसळलंय, ताण किती सोसतो, हे सांगणारा कागद. तो नसेल तर लाखाचं टायटॅनियमही विमानासाठी भंगार.

प्लॅनर म्हणजे तक्ते रंगवणारा माणूस, असा समज आहे. तो चुकीचा आहे. जॉब कुठे किती थांबणार, हे मोजणं हे त्याचं काम. मशीनवर जॉब दोन दिवस असतो. त्याआधी फॉर्जिंगची वाट महिनोन् महिने बघायची. नंतर हीट ट्रीटमेंट, क्रॅक तपासणी, प्लेटिंग. प्रत्येकाला मान्यता असलेले कारखाने मोजकेच आणि प्रत्येकाच्या दारात रांग. कार्बन फायबरचा प्रीप्रेग, म्हणजे रेझिन मुरवलेलं कापड, उणे 18 अंशांत ठेवतात. बाहेर काढला की त्याचे तास भरायला लागतात. तो भाजणारा ऑटोक्लेव्ह मोकळा नसताना साहेबांनी घाई केली म्हणून काढला, तर रोल गेला. रेझिनला साहेबांचा हुद्दा कळत नाही.

तरीही तारीख आधी ठरते. बोइंगने 787 विमान जगापुढे आणलं ते 8 जुलै 2007 ला. अमेरिकन पद्धतीने ती तारीख 7-8-7 अशी लिहितात, म्हणून तो मुहूर्त! खरे फास्टनर पुरेसे मिळत नव्हते, तेव्हा तात्पुरते ठोकून विमान मंडपात उभं केलं. नंतर ते काढून खरे बसवत बसले. पहिलं उड्डाण डिसेंबर 2009 मध्ये झालं. मे 2008 मध्ये द्यायचं विमान गिऱ्हाइकाच्या हाती पडलं सप्टेंबर 2011 मध्ये.

हे निदान पैशांवर निभावलं. सप्टेंबर 2023 मध्ये बोइंगच्याच रेंटनच्या कारखान्यात एका 737 मॅक्सचे सदोष रिव्हेट दुरुस्त करायला दरवाजाच्या जागी बसवलेलं झाकण उघडलं. काम ठरल्या क्रमाबाहेरचं होतं. झाकण उघडल्याची नोंद कुठेच झाली नाही. मग ते बंद करताना चार बोल्ट राहिले, हे कुणाला कळणार? 5 जानेवारी 2024 ला पोर्टलंडहून उडालेल्या त्या विमानाचं झाकण हवेत निघून गेलं. आत 177 माणसं होती. सगळी वाचली.

‘पुढच्या स्टेशनला बसवू’ हे वाक्य मीही एकदा मान्य केलंय. मार्चअखेर होती, एक बुश आला नव्हता, आणि मी असेंब्ली पुढे सोडली. बुश आला तेव्हा ती जागा पुढच्या भागांखाली गाडली गेली होती. तीन माणसांनी ती पुन्हा उघडली. त्यांच्यासमोर मला मान वर करवली नाही. त्यानंतर मी तसं कधीच सोडलं नाही, आणि त्यापायी दोन वर्षं बढतीही गेली.

आता नाशिकजवळच्या आपल्या ओझरच्या विमान कारखान्याकडे बघू. फेब्रुवारी 2021 मध्ये हवाई दलासाठी 83 तेजस विमानांचा करार झाला, त्यातली 73 मार्क-1ए. विमानं मार्च 2024 पासून द्यायची होती. त्यासाठीचं पहिलं नवं इंजिन अमेरिकेहून मिळालं मार्च 2025 मध्ये. नाशिकच्या लाइनवरचं पहिलं विमान 17 ऑक्टोबर 2025 ला उडालं, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. उशिराची चर्चा जरूर व्हावी. पण कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या मंत्र्याने, अधिकाऱ्याने, पत्रकाराने ‘महिन्याला किती?’ याआधी प्लॅनरच्या टेबलापाशी थांबावं, न आलेल्या भागांची शॉर्टेज लिस्ट मागावी आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.