‘अ ब्रायटर समर डे’ कुठे पाहावा?

एडवर्ड यांग यांचा ‘अ ब्रायटर समर डे’ (१९९१) हा तैवानी चित्रपट शोधायला घेण्यापूर्वी शोधकर्त्याने घरच्यांना विश्वासात घ्यावे. १९६१ साली तैपेईत एका शाळकरी मुलाने ओळखीच्या मुलीला भोसकून मारले. त्या घटनेवर बेतलेला हा चित्रपट २३७ मिनिटांचा, म्हणजे चार तासांना तीन मिनिटे कमी, आहे. शोधाला लागणाऱ्या वेळापुढे ही लांबी किरकोळ होय.

आरंभ ओटीटीपासून करण्याची प्रथा आहे. तेथे चित्रपटाचे पोस्टर दिसते, वर्ष दिसते, ‘प्ले’चे बटणही दिसते, ते दाबल्यावर हा चित्रपट आपल्या देशात उपलब्ध नसल्याचे नम्रपणे कळवले जाते. प्रदर्शनाचे हक्क देशवार आणि मुदतीने विकले जातात, त्यामुळे चिडून उपयोग नाही. या टप्प्यावर परदेशातल्या भाच्याला फोन करण्याचा मोह होतो. ‘मामा, इकडे दिसतोय की!’ एवढेच त्यातून निष्पन्न होते.

मग डिस्क. अमेरिकेत क्रायटेरियन या कंपनीने २०१६ साली पूर्ण लांबीची, डागडुजी केलेली ब्लू-रे काढली. तोच भाचा दिवाळीला येताना ती बदामांच्या पाकिटांखाली दडपून आणतो. घरच्या प्लेअरमध्ये घातल्यावर समजते, की ब्लू-रेसाठी अमेरिकेचा विभाग ‘ए’ आणि भारताचा ‘सी’, म्हणून ती चालत नाही. अशी डिस्क मागवण्याआधी सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर घ्यावा. त्याचा खर्च घरी कोणत्या सदरात दाखवायचा, हे ज्याचे त्याने पाहावे.

वाटेत १८५ मिनिटांची कापलेली आवृत्ती फुकट गळ्यात पडू शकते. ती घेऊ नये. चित्रपटात पोरांच्या टोळ्या आहेत आणि कोणता पोरगा कोणत्या टोळीतला, हे तिच्यात कळत नाही. पूर्ण चित्रपटातही पहिला तासभर ते कळत नाही, पण तिथे तशी दिग्दर्शकाची इच्छा आहे. शिवाय एका आवृत्तीची सबटायटल्स दुसरीला जोडली, तर काही वेळाने टोळीचा म्होरक्या आईची काळजी बोलू लागतो आणि आई धमक्या देते.

खरा राजमार्ग फिल्म सोसायटीचा. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्था आणि पुण्यातले चित्रपट महोत्सव यांच्या कार्यक्रमपत्रिका नियमित चाळाव्यात. खेळ बहुधा कामाच्या दिवशी निघतो. रजेचे कारण तयार ठेवावे. ‘तैवान’ हा शब्द त्यात नसावा.

चित्रपट हाती लागल्यावर दुपारी, मोबाइलवर पाहू नये. नायक शाळेशेजारच्या स्टुडिओतून टॉर्च चोरतो आणि पुढे बरेच काही अंधारातच घडते. उजेडात पडद्यावर प्रेक्षकाला फक्त स्वतःचा चेहरा दिसेल. रात्री नऊला बसावे. एक वाजतो. चहा थर्मासमध्ये आधीच भरून ठेवावा, कारण मध्यरात्री भांड्यांचा आवाज झाला, तर घरच्यांचा तो विश्वास टिकत नाही.