पुस्तक-भिशी आणि टेप

आमच्या सुरतेतल्या पुस्तक-भिशीत बारा जणी आहेत. चिठ्ठी जिच्या नावाची निघेल तिच्याकडे पुढची भिशी, आणि पुस्तकही तिनंच सुचवायचं. गेल्या खेपेला अडाजणला जमलो ते मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांच्या चरित्रासाठी. त्यांच्या नातीनं, ऊर्मिला देशपांडे यांनी थियागो पिंटो बार्बोसांबरोबर लिहिलेलं 'इरू', २०२४ सालचं. पुस्तक इंग्रजी. त्यामुळे पूर्ण वाचलेल्या तिघी, अर्धं वाचलेल्या चौघी, बाकीच्या 'लोचो गार होईल हं' म्हणणाऱ्या. मी कुठल्या गटात, ते विचारू नका.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या मुलीला तिथल्या नदीचं नाव ठेवलं, हे ऐकून लिंबायतच्या वहिनी खूश झाल्या. त्यांच्या आजीचं नाव तापी. आणि तापी खानदेशातून, म्हणजे त्यांच्या माहेरावरून सुरतेला येते, हे त्या दर भिशीला सांगतातच.

पुढे बाई पुण्यात लँब्रेटा चालवायच्या. यावर कुणी फारसं चकित झालं नाही. आमच्यातल्या नऊ जणी ॲक्टिवावरच आल्या होत्या. पण पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर आपल्या महेसाणा जिल्ह्यातल्या लांघणजला त्या अश्मयुगातले सांगाडे उकरत होत्या म्हटल्यावर एकीनं विचारलं, "तेव्हा घरी स्वयंपाक कोण करायचं?" या प्रश्नावर वीस मिनिटं गेली. अश्मयुगाला दोन मिळाली.

मग गप्पा मागे, बाईंच्या बर्लिनमधल्या शिक्षणाकडे वळल्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची अक्कल जास्त, असं त्यांच्या गुरूंचं, ऑयगन फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही, असं गुरूंनाच लिहून दिलं. विशी-पंचविशीतली मुलगी, परक्या देशात! मला तर सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या वेळेबद्दल लिहायचं धाडस होत नाही.

यजमानीण ब्लाउज शिवते. तिनं टेप काढला आणि सगळ्यांची डोकी मोजायला घेतली. कोकणस्थ, देशस्थ, खानदेशी, एक नागपूरकर. सगळ्या साडेएकवीस इंचांच्या आसपास. एकीचंच तेवीस भरलं. तिला अंबाडा सोडायला लावला, तर तीही साडेएकवीसवर आली.

पुढची भिशी लिंबायतला, वहिनींकडे. पुस्तक इरावतीबाईंचंच 'युगान्त'. ते मराठीत आहे, तेव्हा सबब चालणार नाही.