सही खाली, सभा वर

ग्रामसभेचा कोरम म्हणजे गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतला कमी असेल तो आकडा. गाव तीन हजार मतदारांचं असलं तरी शंभर जण जमले की भागलं. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग पंधरा जणांनी बसून घरकुलांची यादी मंजूर केली तरी इतिवृत्तात 'सर्वानुमते' असंच लिहिलं जातं. गावोगावच्या कारभाऱ्यांना ही पळवाट तोंडपाठ आहे. पहिली सभा मोडू द्यायची आणि खरा कारभार दुसऱ्या सभेत उरकायचा.

याबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, 'लोकच येत नाहीत हो.' लोकांना येता येईल अशी सभा ठेवली होती का, ते आधी सांगा.

बीड जिल्ह्यातल्या तांड्या-वस्त्यांचं बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे मागे थांबायची सोय नसते. नवरा-बायकोचा कोयता परततो तो थेट मार्च-एप्रिलात. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्या सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला ही माणसं उसाच्या फडात असतात. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वर्षाचा विकास आराखडा नेमका २ ऑक्टोबरनंतरच्या महिन्यांत आकार घेतो. तांड्याला आधी रस्ता हवा की पाणी, हे ठरतं तेव्हा तांड्यावर म्हातारी माणसं आणि शाळेपायी मागे ठेवलेली पोरं तेवढी असतात. गाव रिकामं असतं त्या दिवसांत गावाचा आराखडा करायचा, हा सरळ अन्याय आहे.

बायकांसाठी वेगळी महिला सभा आहे. ती ग्रामसभेच्या आधी घ्यायची, असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ती सकाळी अकराला ठेवतात. त्या वेळी बाई खुरपायला गेलेली असते. सभेला यायचं तर दिवसाची मजुरी बुडवायची. संध्याकाळी अंगणवाडीताई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करते आणि महिला सभा कागदावर पार पडते.

रजिस्टरवरून आठवलं ते सांगतो. एका गावात ग्रामसभा पहिल्या मजल्यावर भरली होती. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. खाली तीनचाकी सायकलवर एक गृहस्थ थांबले होते. त्यांच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाचा विषय त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर होता. शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन खाली आला, त्यांची सही घेतली आणि वर गेला. त्यांचं म्हणणं काय, हे कुणी विचारलं नाही. ते सभेला हजर होते, याचा पुरावा आजही दप्तरात असेल. संडासाच्या दाराला तीन पायऱ्या करू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मला त्या शिपायाचा राग आला नाही. त्याला कोरम भरायला सांगितलं होतं, तो त्याने भरला. राग आला तो वर बसलेल्यांचा. खाली मारुतीच्या देवळासमोर एवढा मोठा पार होता. सभा तिथे घ्यायला एक रुपयाही लागला नसता.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. जुन्या सार्वजनिक इमारतीही पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करा, असं तो सांगतो. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, तेव्हा पैशाचं कारण पुढे करू नये. आणि रॅम्प बांधायचाच तर नीट बांधा. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो. अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट झाले. आपल्याकडे चार फुटांत उरकलेले उतार दिसतात. त्यांवरून फक्त मोटारसायकल चढते.

आणि बोलणं ऐकू येतं का? पंख्यांचा आवाज, माइक सरपंचांच्या हातात, ठराव घाईघाईत पुटपुटलेला. मागे बसलेल्या आजोबांना निम्मं कळत नाही. जन्मापासून बहिऱ्या माणसाचा तर विचारही कुणाच्या डोक्यात येत नाही. ठराव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला, मोठ्याने दोनदा वाचला आणि मगच सह्या घेतल्या, तर कुणाचं काय बिघडेल?

जमत नाही म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडे बघावं. तिथे बहुमताने निर्णय रेटत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलत राहतात. विषय आधी अभ्यासगटात चघळला जातो, त्यामुळे सभेत आलेल्या माणसाला आपण कशावर बोलतोय हे ठाऊक असतं. याच गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासांचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आणला. छोटं गोंड गाव आहे ते.

एप्रिल संपताना टोळ्या घरी आलेल्या असतात, आणि १ मेची ग्रामसभा ठरलेलीच आहे. तिची दवंडी या वेळी आधी तांड्यावर द्या. सभा उन्हं उतरल्यावर पारावर घ्या. हिवाळ्यात मंजूर केलेला आराखडा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचा आणि ज्यांच्या माघारी तो मंजूर झाला, त्यांना दुरुस्त्या सुचवू द्या. त्या दुरुस्त्या सुचवणाऱ्याच्या नावासकट इतिवृत्तात लिहा.