गंज लावून मिळेल

जालन्याच्या एमआयडीसीत रोज ट्रक भरभरून भंगार येतं. जुने पत्रे, तुटके गिअर, कुणाच्या तरी सायकलची चेनगार्डं. सगळं भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर पडतं. अख्खं गाव असं गंज मिटवण्याच्या उद्योगात गुंतलेलं असताना मी रात्री जेवणं आटोपली की टेबलावर दिवा ओढून घेतो आणि प्लास्टिकला गंज लावत बसतो.

बायकोचे मामा एका मिलच्या भंगार यार्डात माल तपासतात. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "पैसे देऊन?"

पैसे देऊन. जपानच्या तामिया कंपनीची विलीज जीप, प्रमाण १:३५, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरांच्या आसपास लांबी. याच विलीजची जुळणी महिंद्रांनी आपल्याकडे सुरू केली आणि तिची वंशावळ पुढे काळी-पिवळी होऊन अंबड, भोकरदनच्या रस्त्यांवर धावली. किटच्या डब्यावरचं चित्र अमेरिकन फौजेचं असलं, तरी माझी जीप काळी-पिवळीच होणार, हे ठरलेलं होतं. फौजेला कुणी मागच्या पायरीवर लटकून जाताना पाहिलंय?

कृती सोपी आहे. आधी सगळ्या गाडीला गंजाचा तपकिरी रंग मारायचा. तो वाळला की हेअरस्प्रे. (मुलीच्या गॅदरिंगचा उरला होता, नाच एकदाच झाला, स्प्रे वर्षभर पुरला.) त्यावर काळा रंग. मग ओला ब्रश हळूहळू घासायचा. पाण्याने हेअरस्प्रे विरघळतो, वरचा काळा रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि खालून गंज डोकावतो. मोठे चट्टे हवे असतील तर हेअरस्प्रेऐवजी खडेमीठ. ओल्या पृष्ठभागावर खडे चिकटवा, वाळू द्या, वरून रंग मारा, रंग वाळला की खडे खरवडून काढा. घरात मीठ संपलं की पहिला संशय माझ्यावर येतो तो यामुळे.

परदेशी गंजाची भुकटी चिमुकल्या बाटलीत येते आणि भावात केशराशी स्पर्धा करते. आत असतं आयर्न ऑक्साइड. म्हणजे पूजेच्या दुकानात कागदाच्या पुडीत मिळतो तो आपला गेरू. घराच्या गेटला रंगाआधी मारतात तो रेड ऑक्साइडही त्याच घराण्यातला; लोखंड गंजू नये म्हणून आपण त्याला गंजाचा सख्खा भाऊ फासतो. मी गेरू वस्त्रगाळ करून वापरतो. तुळशीवृंदावनाला कमी पडला तरी देव समजून घेतो. सासूबाई घेत नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. गंज कुठेही लावून चालत नाही, त्याला गाव असतं. व्हिडिओतले युरोपियन लोक चाकांवरच्या कमानी पार कुजवून दाखवतात, कारण त्यांच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. कोकणातली गाडी खाऱ्या वाऱ्याने सगळीकडूनच खाल्ली जाते. आमच्या कोरड्या मुलखात आधी ऊन रंग खातं. गंज नंतर, सवडीने येतो. तोही पावसाचं पाणी साचतं तिथे, बॅटरीखाली, आणि युरियाची पोती ठेवतात त्या मागच्या फळीत. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून रंग आधी फुगतो आणि मग फुटतो. हा फुगवटा साडेनऊ सेंटिमीटरांत दाखवायचा म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

हे सगळं मला कळलं ते मामांकडून. पहिल्यांदा त्यांनी जीपकडे पाहून मान हलवली.

"जावईबापू, ही गाडी मुंबईची आहे."

"का हो?"

"छतावर एवढा गंज? तिथं लगेज बांधून बांधून पत्रा चकचकीत झालेला असतो. आणि बंपरवर लिंबू-मिरचीखाली डाग कुठंय? दर शनिवारी लिंबाचा रस गळणार, डाग पडणार."

डाग लावला. पुढच्या रविवारी मामा यार्डातले दोघे सहकारी घेऊन आले. चहा झाला. एकाच्या मते सायलेन्सरचा गंज ओला दिसत होता; सायलेन्सर तापतो, तिथला गंज कोरडा हवा. दुसऱ्याने सांगितलं की काळी-पिवळीचं एक तरी मडगार्ड दुसऱ्या गाडीचं असल्याशिवाय ती परमिटवर चाललेली वाटत नाही. मी डावं मडगार्ड हिरवं केलं. त्यावर तिघांत वाद पेटला : ते मडगार्ड दोन पावसाळे जुनं की चार? बायको दुसरा चहा ठेवून गेली तेव्हा वाद युरियापर्यंत पोचला होता.

शेवटी मामांनी जीप तळहातावर घेतली, डोळे बारीक करून चारी बाजूंनी न्याहाळली. यार्डात गंजका माल आला की ते वजनात घट धरतात, कारण गंजाचं लोखंड होत नाही, त्याची भट्टीत मळी होते. तोच चेहरा. "माल जुना आहे," ते म्हणाले, आणि सवयीने खिशातून लोहचुंबक काढून बॉनेटला लावला.

चिकटला नाही.

"परत पाठवा," मामा म्हणाले.