अपूर्व अशुद्धी

आमच्या लॅबमध्ये ऑर्बिट्रॅप आला त्या दिवशी त्याची किंमत ऐकून मी आधी चार हात लांब जाऊन उभा राहिलो. तारापूरच्या औषध कंपनीतली माझी सगळी हयात एचपीएलसीवर गेलेली. सॅम्पल कॉलममध्ये सोडायचं, पडद्यावर पीक उगवायची वाट बघायची, त्याखालचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि सही ठोकायची. पीक कुठल्या पदार्थाचं, ते त्या बिचाऱ्या यंत्राला ठाऊक नसतं. आपणच स्टँडर्ड, म्हणजे ओळखीचा शुद्ध नमुना, शेजारी चालवून ठरवायचं. नवीन पाहुणा मात्र रेणूचं वजनच सांगणार होता, तेही दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत.

सर्व्हिस इंजिनिअरने समजावलं ते असं. द्रावण बारीक सुईतून, काही हजार व्होल्ट लावून, फवारायचं. थेंब सुकतात, विद्युतभारित रेणू उरतात आणि यंत्रात ओढले जातात. आत चातीच्या आकाराचा एक इलेक्ट्रोड असतो. वटपौर्णिमेला सुवासिनी वडाभोवती फिरतात तसे हे आयन त्याच्याभोवती फेऱ्या घालतात आणि फेऱ्या घालता घालता पुढे-मागे झुलतातही. हलका आयन भराभर झुलतो, जड सावकाश. त्या झुलण्यावरून वजन काढायचं. अलेक्झांडर माकारोव यांची ही करामत 2005 मध्ये बाजारात आली. मी मान डोलावली. आमच्या लॅबमध्ये मान डोलावणे ही पद्धत व्हॅलिडेटेड आहे.

मग रीतसर पूजा झाली. नारळ बाहेर फोडला, हळदकुंकू मात्र थेट यंत्राला लागलं. उदबत्ती आत आणू नका म्हणून इंजिनिअर हात जोडत होता. पुढचे काही दिवस ब्लँकमध्ये, म्हणजे औषध न घातलेल्या नुसत्या द्रावणात, 369.13 ला पीक यायचं, ते हळदीतलं कर्क्युमिन. त्यावर आम्ही सगळे भरपूर हसलो. सर्वांत मोठ्याने मी.

माझ्या डोक्यात तेव्हा कोइची तनाका होते. जपानी कंपनीतला साधा इंजिनिअर, पीएचडीसुद्धा नाही. 1985 मध्ये त्याने धातूच्या बारीक भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळलं, भुकटी महागाची म्हणून टाकवेना, तसंच वापरून पाहिलं, आणि मोठे रेणू न फुटता यंत्रात शिरले. 2002 चं नोबेल, फवारणीवाल्या जॉन फेन यांच्याबरोबर वाटून. ही गोष्ट माझ्यासारख्याने वाचू नये. आपल्या हातूनही काहीतरी चुकावं, अशी आस लागते.

माझी संधी एका गोळीच्या स्टॅबिलिटी सॅम्पलमध्ये आली. 40 अंश तापमान, 75 टक्के आर्द्रता, सहा महिन्यांचं सॅम्पल. पडद्यावर नवं कोरं पीक: 178.1226. एचपीएलसीवर त्याचा मागमूस नाही. ब्लँक स्वच्छ, स्टँडर्डही स्वच्छ. ती दोन्ही आमच्या ज्युनिअर मुलीने सकाळी बनवली होती. सॅम्पल मात्र मी स्वतः, संध्याकाळी सगळे गेल्यावर. मोठे शोध एकांतात लागतात, असं माझं वाचन.

सॉफ्टवेअरच्या लायब्ररीने पहिल्याच फटक्यात नाव दिलं: एन, एन-डायइथाइल बेंझामाइड. मी ते झटकून टाकलं. आमच्या औषधात असलं काही कसं असेल? मग फ्रॅगमेंट पाहिला, 105.03, म्हणजे बेंझॉईल. आमच्या रेणूत बेंझॉईल आहेच! संश्लेषणात ट्रायइथाइलअमाइन वापरतात, त्यात डायइथाइलअमाइनचा अंश असतो. दमट हवेत रेणू तुटला, त्या अमाइनशी जुळला, आणि जन्माला आली एक अपूर्व अशुद्धी. इतका सुरेख मेकॅनिझम मी एमएस्सीच्या पेपरातही लिहिला नव्हता. लायब्ररीचं नाव आता माझ्याच बाजूने साक्ष देत होतं. बाण काढले, रंग भरले, स्लाइड्स केल्या आणि मोठ्या साहेबांची वेळ घेतली.

मीटिंग लांबली. तारापूरची संध्याकाळ, त्यात पावसाळा संपत आलेला; टेबलाखाली डासांनी हजेरी लावली. मी सवयीने खिशातून मलमाची ट्यूब काढली आणि बाण क्रमांक तीन समजावत असताना मनगटांना, बोटांना चोळलं. रोज संध्याकाळी सॅम्पल करण्याआधी चोळायचो, तसंच. साहेब म्हणाले, "द्या हो इकडे, पाय फोडून काढलेत." त्यांनी लावलं. मग फॉर्म्युलेशनमधल्या माणसाला जित्याची खोड, ट्यूब उलटी करून चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक अक्षरं मोठ्याने वाचली: "एन, एन-डायइथाइल बेंझामाइड, 12 टक्के." मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पण मी ग्लोव्हज घालतो, साहेब," मी म्हणालो.

"घालताना कुठल्या हाताने घालता?"

ज्युनिअर मुलगी खाली बघून वहीत काहीतरी लिहीत होती. तिचे खांदे हलत होते.

आता थोडं मोठ्यांच्या आडोशाला उभं राहू द्या. क्लेअर पॅटरसन हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ उल्केतलं शिसं मोजत होता, तेव्हा आकडे जमेनात. लॅबच्या धुळीतून, भांड्यांतून, हवेतूनच सगळीकडे शिसं येत होतं. तो वर्षानुवर्षं घासत राहिला. त्यातून 1956 मध्ये पृथ्वीचं वय मिळालं, सुमारे 455 कोटी वर्षं. शिवाय हे शिसं पेट्रोलमधून येतंय हे कळलं, आणि त्याविरुद्ध तो पुढे आयुष्यभर भांडला. आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते 2000 मध्ये. पॅटरसनला घाण सापडली आणि त्याला पृथ्वीचं वय कळलं. मला सापडली आणि मला डेव्हिएशन रिपोर्ट भरायला लागला. 'मूळ कारण' या रकान्यात 'अ‍ॅनलिस्ट' असं माझ्याच अक्षरात आहे.

मात्र हे केवळ तारापूरचं प्रकरण नाही. 2018 मध्ये रक्तदाबाच्या व्हॅल्सार्टनमध्ये एनडीएमए हा कर्करोगाशी जोडलेला पदार्थ सापडला, तो खरोखरच होता. गोळ्या जगभरातून परत मागवाव्या लागल्या. दिवसाला 96 नॅनोग्रॅमची मर्यादा पाळायची तर असली तिखट नजरेची यंत्रं हवीतच. पण 2020 मध्ये मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या काही नमुन्यांत एका खासगी प्रयोगशाळेला हाच पदार्थ भरमसाठ दिसला, तेव्हा अमेरिकेच्या एफडीएतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्यातला काही भाग डीएमएफ या साध्या द्रावकाचा होता. डीएमएफमधला नायट्रोजन क्वचित एका वजनाने जड असतो. तसा रेणू एनडीएमएच्या इतका जवळ येतो की फरक दशांशाच्या तिसऱ्या स्थानी. यंत्र पुरेशा बारकाईने चालवलं नाही, तर दोघे एकच दिसतात.

आमच्या लॅबच्या दाराबाहेर आता बेसिन आणि साबण आहे, आत मच्छरजाळी लागली आहे, आणि दर तिमाहीला नव्या मुलांना प्रदूषणाविषयी तासभर व्याख्यान मी देतो, कारण कंपनीत या विषयातला दुसरा कोणी इतका अनुभवी नाही. तर वाचकहो, उद्या पेपरात 'अमुक गोळीत तमुक विषारी पदार्थ' अशी बातमी दिसली तर गोळ्या लगेच गटारात ओतू नका, आणि बातमी थापही समजू नका. डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या प्रयोगशाळेचा निकाल येऊ द्या. आणि ओळखीतलं कोणी त्या लॅबमध्ये असेल तर त्याला हळूच एवढंच विचारा, की ब्लँक आणि सॅम्पल एकाच हाताने बनवलं होतं का.